दुसऱ्याच्या गाडीचा सल्ला

विजेवरची मोटार घेऊन मला दीड वर्ष झालं. गाडीने फारसा त्रास दिला नाही. सल्ल्यांनी मात्र भरपूर दिला. पेट्रोलच्या गाडीचं ज्ञान आपल्याकडे तीन पिढ्यांचं आहे. कोपऱ्यावरचा मेस्त्री नुसत्या आवाजावरून आजार ओळखतो. चार गाड्या हाताखालून गेलेले एखादे चाचा प्रत्येक मोहल्ल्यात असतातच. विजेच्या गाडीसाठी असा मेस्त्री आमच्या मिरजेत अजून तयार झालेला नाही. ही रिकामी जागा मग विक्रेते, मोबाईलवरचे व्हिडिओ आणि आयुष्यात अशी गाडी न चालवलेले नातेवाईक भरून काढतात.

माझं म्हणणं असं की, यातले बहुतेक सल्ले खोटे नसतात. ते दुसऱ्याच्या गाडीचे असतात.

एक उदाहरण घ्या. कोणी सांगतो, बॅटरी 80 टक्क्यांच्या वर रोज भरू नका, आयुष्य कमी होतं. दुसरा सांगतो, आठवड्यातून एकदा तरी 100 टक्के भराच. नवा मालक गोंधळतो आणि दोघांपैकी एक जण थापा मारतोय असं समजतो. वास्तविक दोघेही बरोबर असू शकतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी रोज काठोकाठ भरणं तिला मानवत नाही. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला ते बरंच सोसतं. शिवाय ती अधूनमधून पूर्ण भरली नाही, तर आत किती वीज उरली आहे याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. म्हणजे पहिला प्रश्न 'किती भरू' हा नाहीच. 'माझ्या गाडीत कोणती बॅटरी आहे' हा आहे. हे शोरूममध्ये विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारायचं असतं हे नव्या माणसाला ठाऊक नसतं.

पल्ल्याचंही तेच. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये आली तेव्हा तिचा प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर होता. बॅटरी 30.2 युनिटची, आपल्या वीजबिलावर असतात तीच युनिटं. रस्त्यावर बहुतेक मालकांना 200 किलोमीटरच्या आसपास मिळत. यात कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने काढलेला असतो. तिथे एप्रिलचं ऊन नसतं, मागच्या सीटवर तीन माणसं नसतात आणि घाट तर नसतोच. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी सुमारे 550 मीटर वर जाते. माणसांसह 1700 किलोची गाडी तेवढी उचलायला अडीच युनिटं लागतात, ती सपाट रस्त्याच्या खर्चाशिवाय. उतरताना त्यातली काही परत बॅटरीत येतात. हा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे, पण कोणत्याही जाहिरातीत तो मी पाहिला नाही.

चुकीच्या सल्ल्याची खरी किंमत घरातल्या प्लगवर मोजावी लागते. मला गाडी देताना सांगितलं गेलं, "कुठल्याही 15 अँपिअरच्या प्लगला लावा." ओळखीचे एक वायरमन चाचा घरी आले, त्यांनी आधी अर्थिंग तपासलं आणि मान हलवली. म्हणाले, "बेटा, गीझर वीस मिनिटं चालतो, ही रात्रभर ओढणार. वायर जुनी, अर्थिंग कच्चं. आग लागली तर गाडीवाला येणार आहे का?" त्यांनी मीटरपासून जाड वायरची वेगळी लाइन ओढली, वेगळा ब्रेकर बसवला, अर्थिंगचा खड्डा नव्याने घेतला. त्या सल्ल्याला कुठलीही चकचकीत पुस्तिका नव्हती. पण माझ्या घराची सुरक्षितता त्यावर उभी आहे.

पावसाबद्दल तर दोन्ही टोकं ऐकू येतात. आमचे मामू म्हणतात, "पाण्यात करंट मारेल." विक्रेता म्हणतो, बॅटरी आयपी 67 दर्जाची आहे, बिनधास्त जा. त्या दर्जाचा अर्थ इतकाच की एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये. रस्त्यावरच्या पावसाची भीती त्यामुळे नको. पण ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या भागात किती दिवस थांबलं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांनी अर्ध्या तासाच्या चाचणीवर पुराचा भरवसा ठेवू नये.

मग विचारायचं कोणाला? माझा अनुभव असा की, चुकलं तर ज्याची स्वतःची रोजी बुडते त्याला. विजेची टॅक्सी घेऊन पुण्याला जाणाऱ्या एका चालकाने मला दोन वाक्यांत सांगितलं, "भाई, 80 टक्क्यांनंतर फास्ट चार्जरवर थांबू नका, तो हळू होतो, भाडं जातं. आणि पुढचं मशीन बंद असणार असं धरूनच अलीकडच्या मशीनवर भरा." हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नव्हतं. व्हिडिओवाल्याकडे गाडी दोन दिवस असते, या माणसाच्या घरची चूल तिच्यावर पेटते. पण त्याच्याकडे कॅमेरा नाही, इंग्रजी नाही, म्हणून त्याला कोणी जाणकार मानत नाही. वायरमन चाचांचंही तेच. ज्ञान कोणाकडे आहे हे आपण माणसाच्या कपड्यांवरून ठरवतो आणि नुकसान आपलंच करून घेतो.

काही गोष्टी माणसाला न विचारता नियमात पाहाव्यात. पुण्यात धाकट्या भावाला सोसायटीत ऐकवलं गेलं की, इथे चार्जिंगला परवानगीच नसते. वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळी वीजजोडणी मागता येते. नियम दाखवल्यावर चर्चेचा सूर बदलतो.

कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. शोरूममध्ये मराठीत एक फलक लावा: बॅटरी कोणती, एसी लावून ताशी 80 च्या वेगाने भरलेली गाडी किती जाते, घरी वायर किती जाडीची हवी. दहा-बारा लाखांचं कर्ज काढणाऱ्या माणसाला एवढं कळायलाच हवं. सरकारने आयटीआयमधून या गाड्यांचे मेस्त्री आणि वायरमन जिल्ह्याजिल्ह्यात तयार करावेत.

आणि आपण मालकांनी "मस्त आहे" किंवा "घेऊ नका" असं सांगणं बंद करावं. मला कोणी विचारलं तर मी वही काढतो. 30 युनिटची बॅटरी, चार माणसं, एसी चालू, एप्रिलचं ऊन, 100 किलोमीटरला 15 युनिटं. विचारणाऱ्याची गाडी वेगळी असेल, रस्ता वेगळा असेल. पण आकड्याबरोबर अटी दिल्या की, त्याला आपला हिशेब स्वतः मांडता येतो.