लॅपटॉप गेला तरी चालेल, किल्ली सांभाळा!

शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याही आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर उभं राहून बघा. गावी निघालेल्या प्रत्येकाच्या पाठीवर काळी सॅक. आत कपडे दोनच, बाकी लॅपटॉप, चार्जर आणि टेन्शन! सगळं काम त्या एका डब्यात. तो भिजला किंवा चोरीला गेला की सोमवारी बोंबाबोंब.

माझ्या ओळखीच्या काही प्रोग्रामर मंडळींनी यातून मस्त सुटका करून घेतलीय. त्यांचा कोड, डेटाबेस, टूल्स सगळं दूरच्या सर्व्हरवर. हातातला लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी. एक मैत्रीण बाबांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे साताऱ्यात होती. भावाच्या जुनाट लॅपटॉपवरून तिने काम चालू ठेवलं. नोकरी राहिली आणि बाबांजवळही राहता आलं. आणखी काय हवं?

जमवायला फार अवघड नाही. क्लाऊडवर लिनक्सचं मशीन भाड्याने घ्या, शक्यतो जवळचं. अंतर वाढलं की टाइप केलेलं अक्षरही स्क्रीनवर उशिरा उमटतं. ॲमेझॉनची क्लाऊड सेवा २०१६ पासून मुंबईतूनही मिळते, मग अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? मशीनशी जोडायचं एसएसएचने. हेलसिंकीच्या विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा टाटू युलोनेन या संशोधकाने १९९५ साली ते लिहिलं. काळी स्क्रीन नको वाटते? व्हीएस कोडमध्ये २०१९ पासून रिमोटची सोय आहे. एडिटर तुमच्याकडे, कोड तिकडे.

आणि नेट गेलं तर? कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तिथे रेंज विसराच. पण सर्व्हरवर टीमक्स चालू असेल तर काम तिकडे सुरूच राहतं. बोगद्याबाहेर आलात की पुन्हा जोडा, सगळं जिथल्या तिथे!

आता खरी गोम. कुठूनही उघडणारं दार चोरांनाही कुठूनही ठोठावता येतं. सर्व्हर नेटवर आला की पासवर्डचे अंदाज लावणारे बॉट्स लगेच हजर. म्हणून पासवर्डने लॉगिन बंदच करा आणि एसएसएच की वापरा. या किल्लीलाही पासफ्रेज हवाच. दुसऱ्या डिव्हाइसची वेगळी किल्ली आधीच जोडून ठेवा. लॅपटॉप हरवला तर तिच्या मदतीने आत शिरायचं आणि हरवलेल्या लॅपटॉपची किल्ली सर्व्हरवरच्या यादीतून काढून टाकायची. अजून बंदोबस्त हवा? २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच असलेलं वायरगार्ड व्हीपीएन लावा, म्हणजे एसएसएचचं दार जगासमोर उघडं ठेवावं लागत नाही.

बाकी पथ्यं साधी. सर्व्हर म्हणजेही शेवटी मशीनच, तेव्हा रोजचा कोड गिटने दुसरीकडे पाठवा. ऑफिसचा कोड असेल तर आधी परवानगी घ्या, परस्पर उद्योग नकोत. आणि काम संपलं की मशीन बंद करा. तासावर भाडं असेल तर मीटर थांबतं, डिस्कचं तेवढं चालू राहतं.

काम कुठूनही करता येतं, म्हणून ते कधीही करायचं असं थोडंच आहे? बॉसला हे आधीच सांगून ठेवा. त्यासाठी अजून कुठलं सॉफ्टवेअर निघालेलं नाही!