पहिली हळद कुणाची?

‘तुम्ही ख्रिश्चन, मग लग्नात हळद कशी?’ शेजारीण विचारते. अहो, आम्ही मराठीच की! पण हळदीला विधवेला मागे बसवायचं, हेही आम्ही तसंच ठेवलंय.

दर गुरुवारी आम्ही आठ-दहा जणी कुणाच्या तरी घरी बायबल वाचतो. चर्चमध्ये पाळकसाहेब सांगतात, आम्ही ऐकतो. इथे विचारता येतं. परवा रूथची गोष्ट निघाली. एकीने विचारलं, ‘या विधवेचं नाव येशूच्या वंशावळीत चालतं, मग आपल्या हळदीत विधवा का नाही?’ सगळ्या गप्प.

साध्या बायकांनाही कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२४ साली ते छापून आलं. त्याही विधवाच होत्या. ख्रिस्ती म्हणून आपण कोण, हे असल्या प्रश्नांतूनच कळतं.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे लग्न आहे. हळद लागणारच. पहिली माझ्या विधवा जाऊबाई लावतील.