पडद्याच्या तळाची पट्टी नीट लावून घ्या

परळीत मोंढ्याकडे जा, तहसीलच्या आसपास फिरा किंवा स्टेशनकडे वळा. ‘झेरॉक्स, आधार, सातबारा, पीक विमा’ अशी पाटी लावलेलं एखादं दुकान दिसतंच. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि काउंटरच्या अलीकडे पिशवीत कागद घेऊन उभी असलेली माणसं. त्या कॉम्प्युटरपुढे दिवसभर बसणाऱ्या मुलामुलींना मला एक विनंती करायची आहे. ती सर्व्हरबद्दल नाही, नेटबद्दलही नाही, कारण त्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत. विनंती आहे पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीबद्दल, म्हणजे टास्कबारबद्दल. ती पट्टी पूर्णपणे तुमच्या हातात आहे आणि बहुतेकांनी ती कॉम्प्युटर आणला त्या दिवशी जशी होती तशीच ठेवली आहे.

एवढीशी गोष्ट, तिच्यासाठी आवाहन कशाला, असं वाटेल. पण तुमच्यापुढे कोण उभं असतं ते पाहा. जुलै संपत आला की खरिपाच्या विम्याची मुदत जवळ येते आणि खेड्यापाड्यांतून आलेला शेतकरी सातबारा, पासबुक, आधार हातात धरून उभा राहतो. जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यासाठी पोरं आणि त्यांचे आईबाप येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गाव सोडण्याआधी रेशन कार्डाचं, आधारचं काम उरकायला येतात. एकदा कोयता घेऊन कारखान्यावर गेलं की महिनोन् महिने परत फिरणं नसतं. यातला जवळजवळ प्रत्येक जण त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा हक्क झाला. पण अर्ज भरला जाईपर्यंतचा वेळ तुमच्या काउंटरवर जातो.

आता एका अर्जाला हात किती वेळा खाली जातो ते बघा. ब्राउझरमध्ये पोर्टल उघडं. पासबुकाचा फोटो शेतकऱ्याच्या पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप. फोटो ठरलेल्या केबीच्या आत बसत नाही, म्हणून पेंट. मग सेव्ह केलेली फाईल शोधायला फोल्डर. सातबारा स्कॅन करायचा, म्हणून स्कॅनरचा प्रोग्राम. पुन्हा ब्राउझर. पावती डाउनलोड झाली, ती कुठे गेली? पुन्हा फोल्डर, मग प्रिंट. दरवेळी नजर पट्टीवर जाते, चिन्हं चाचपडते, चुकीची खिडकी उघडते, मागे येते. ‘दादा, झालं का?’ असं मागून विचारलं जातं ते बऱ्याचदा या चाचपडण्याच्या वेळीच.

पहिलं काम साफसफाईचं. पट्टीवर जी चिन्हं तुम्ही कधीच दाबत नाही त्यांच्यावर उजवं क्लिक करा आणि ‘अनपिन’ करा. त्याने प्रोग्राम उडत नाही, फक्त पट्टीवरून उतरतो. मग पट्टीच्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा. सर्चचा लांबलचक डबा जागा खातो, तो लपवा. नुसतं विंडोजचं बटण दाबून टाइप करायला लागलं तरी शोध होतो. हवामान आणि बातम्या दाखवणारे विजेट्स बंद करा. काउंटरवरच्या मशीनला त्यांचा काही उपयोग नाही आणि माउस चुकून तिकडे गेला की भलतीच खिडकी डोळ्यांसमोर येते.

दुसरं काम विंडोज ११ असणाऱ्यांसाठी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. २०२१ साली आलेल्या या आवृत्तीत चिन्हं पट्टीच्या मधोमध ठेवली आहेत. दिसायला छान, पण कामाला वाईट. एखादा नवा प्रोग्राम उघडला की मधल्या सगळ्या चिन्हांची रांग थोडी सरकते, बंद केला की परत सरकते. म्हणजे ब्राउझर सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी. हाताला सवय लागणार कशी? टास्कबार सेटिंग्जमध्ये ‘बिहेवियर्स’ नावाचा भाग आहे, तिथे अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. स्टार्ट बटण डाव्या कोपऱ्यात जाईल आणि तुम्ही पिन केलेली चिन्हं आपापल्या जागा सोडणार नाहीत.

यामागे शास्त्र आहे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं की एखाद्या ठिकाणी हात नेमका पोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ते ठिकाण किती लांब आहे आणि किती मोठं आहे. पडद्याची कड इथे आपल्या मदतीला येते. माउस कितीही जोरात खाली ओढला तरी बाण कडेला अडतो, पुढे जात नाही. म्हणून कडेवरची चिन्हं पकडायला सोपी आणि कोपरा तर त्याहून सोपा, तिथे बघावंही लागत नाही. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ बाजारात आलं तेव्हापासून स्टार्ट बटण कित्येक वर्षं डाव्या कोपऱ्यातच होतं. ती जागा परत घ्या.

मग क्रम लावा. चिन्ह माउसने धरून इकडेतिकडे सरकवता येतं हे माहीत असूनही फार थोडे जण ते करतात. तुमचं काम ज्या क्रमाने चालतं त्याच क्रमाने चिन्हं ठेवा: ब्राउझर, फोल्डर, स्कॅनर, पेंट, व्हॉट्सअ‍ॅप. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये इनस्क्रिप्ट शिकून परीक्षा दिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि अक्षरांच्या जागा कधी बदलत नाहीत म्हणूनच बोटं न बघता चालतात.

क्रम लागला की पुढची सोय फुकटात मिळते. कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून १ दाबा, डावीकडून पहिलं चिन्ह उघडेल. २ दाबा, दुसरं. प्रोग्राम आधीच उघडा असेल तर त्याच खिडकीवर नेईल. वीज गेली, मशीन पुन्हा सुरू केलं, तरी पिन केलेल्या चिन्हांचा क्रम जसाच्या तसा राहतो, त्यामुळे पुन्हा कामाला लागायला वेळ लागत नाही. दिवसभर माउस धरून मनगट दुखतं अशी तक्रार करणाऱ्यांनी तर हे जरूर करून बघावं.

एकाच वेळी ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या उघड्या ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोज सगळ्या खिडक्या एकाच चिन्हाखाली गोळा करतं. मग त्यावर जा, छोटी चित्रं बघा, त्यातली महाडीबीटीची कुठली आणि विम्याची कुठली ते ओळखा. त्याच ‘बिहेवियर्स’मध्ये बटणं एकत्र करण्याचा पर्याय ‘नेव्हर’ करा. प्रत्येक खिडकी वेगळी दिसेल, नावासकट. विंडोज ११ मध्ये ही सोय सुरुवातीला काढून टाकली होती. लोकांनी खूप मागणी केल्यावर २०२३ मध्ये परत आली, त्यामुळे जुनं अपडेट असेल तर दिसणार नाही.

आता जरा गंभीर बाब. पट्टीवरच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी वर येते, तिला जंप लिस्ट म्हणतात. घरच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर ती फार कामाची. रोजची एक्सेल फाईल तिथेच पिन करून ठेवा, फोल्डर उघडत बसायला नको. पण सेवा केंद्राच्या काउंटरवर तीच यादी दुसऱ्याचं गुपित उघडं करते. फायलींना आपण नावं देतो ती माणसांचीच: अमक्याचं आधार, तमक्याचं पासबुक, अमकीचा उत्पन्नाचा दाखला. गाव लहान आहे, काउंटरला टेकून उभा असलेला माणूस पडदा वाचतो. कुणाच्या सुनेने कुठल्या योजनेचा अर्ज केला हे चावडीवर जायला वेळ लागत नाही. म्हणून पडदा ग्राहकाला दिसत असेल तर सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात स्टार्ट, तिथे अलीकडच्या फायली दाखवण्याचं बटण बंद करा. थोडी सोय जाईल, जाऊ द्या. आणि काम झालेल्या माणसाच्या फायली संध्याकाळी मशीनवरून काढून टाका, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करा. विश्वासाने दिलेला आधार क्रमांक आहे तो.

उजव्या कोपऱ्याकडे या. घड्याळाशेजारी भाषेचं चिन्ह असतं, इंग्रजी चालू आहे की मराठी ते दाखवणारं. पासवर्ड टाकताना पडद्यावर फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कीबोर्ड मराठीत राहिला असेल तर कळतच नाही. दोन-तीनदा चुकलं की लॉगिन अडकतं आणि रांग तिथेच थांबते. लॉगिन करण्याआधी त्या चिन्हावर एक नजर टाकायची सवय लावा. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. तिथेच वर जाणाऱ्या छोट्या बाणाखाली बरीच चिन्हं दडलेली असतात. पेन ड्राइव्ह सुरक्षित काढण्याचं चिन्ह तिथून ओढून बाहेर पट्टीवर आणून ठेवा, म्हणजे घाईतही ते डोळ्यांसमोर राहील. लिहिणं चालू असताना पेन ड्राइव्ह ओढला तर एखाद्याची फाईल खराब होते आणि त्याला परत गावी जाऊन कागद आणावे लागतात.

व्हॉट्सअ‍ॅप बंद ठेवता येत नाही, कागद त्यावरच येतात, हे मान्य. पण मेसेज आला की चिन्ह लुकलुकत राहतं, नजर तिकडे ओढली जाते आणि अर्जातला खाते क्रमांक एका अंकाने चुकतो. तो चुकलेला अंक म्हणजे अडकलेली रक्कम आणि बँकेच्या चकरा. लुकलुकणं बंद करण्याचं बटणही ‘बिहेवियर्स’मध्येच आहे. चिन्हावरचा आकडा राहू द्या, हातातला अर्ज सबमिट झाला की मग बघा.

विंडोज १० वापरणाऱ्यांना यातलं जवळजवळ सगळं करता येईल, आणि तिथे चिन्हं डावीकडेच असतात. पण तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या मशीनचं पुढे काय करायचं हे दुकानाच्या मालकाने लवकर ठरवावं, त्यात टाळाटाळ नको.

आडत दुकानात हिशोब लिहिणाऱ्यांनी पट्टीवर टॅली, एक्सेल आणि कॅल्क्युलेटर एवढंच ठेवलं तरी पुरे. घरी आजोबांचा लॅपटॉप असेल तर पट्टीवर तीनच चिन्हं ठेवा आणि डिस्प्लेचा आकार सव्वाशे टक्के करा, म्हणजे चिन्हं आणि अक्षरं दोन्ही मोठी होतील. पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल लावायला त्यांना कुणाला हाक मारावी लागू नये.

केंद्रात बसणाऱ्यांनी हे काम रांग असताना करू नका. रात्री शटर अर्धं ओढल्यावर पंधरा-वीस मिनिटं काढा. नव्या जागा अंगवळणी पडायला काही दिवस लागतील, त्या दिवसांत वैतागून पुन्हा हलवाहलव करू नका. आणि एका कागदावर १ ब्राउझर, २ फोल्डर, ३ स्कॅनर असं मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरखाली चिकटवा, म्हणजे तुम्ही जेवायला गेल्यावर खुर्चीत बसणाऱ्या मुलालाही पुढचा अर्ज लगेच हाती घेता येईल.