ड्रॅगनचं सोनं आणि शेळीचा भाव

दिवसभर पतसंस्थेत व्याजाचे हिशेब करतो आणि रविवारी मित्रांसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित साहसांचा खेळ चालवतो. त्यामुळे माझी नजर तलवारीआधी दरपत्रकावर जाते. २०१४च्या नियमपुस्तकात अकुशल मजुराची रोजंदारी चांदीची २ नाणी. शेळी सोन्याच्या १ नाण्याला, म्हणजे पाच दिवसांची मजुरी. जखम भरणाऱ्या औषधाची कुपी मात्र ५० सोन्याच्या नाण्यांना, म्हणजे तब्बल २५० दिवसांची! आणि वीरांची टोळी गुहेतून पोतंभर सोनं घेऊन आली, तरी शेळीचा भाव जागचा हलत नाही.

खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७८मध्येच खेळातल्या महागाईची तुलना अलास्कातल्या सुवर्णलाटेशी केली होती. पण त्या महागाईत मजुराची चूल कशी पेटते, हे दरपत्रक सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: खेळ चालवणाऱ्याने गुहेतून आलेलं सोनं गावात फिरू द्यावं. लोहार दर वाढवेल, जहागीरदार कर मागेल, सावकार ओसरीवर येऊन बसेल, मजूर नांगर सोडून गुहेकडे धावेल. पुढच्या खेळात शेळीचा भाव दुप्पट करून पाहा. खेळाडू राक्षसांऐवजी गावकऱ्यांशी बोलू लागतील.