फोटो माझा, नुकसान कोणाचं?

काल कपाशीची दुसरी वेचणी झाली. पावसाने बोंडं काळी पडलीत, सरकीला कोंब आलेत. एक पत्रकार बांधावर आला, माझा फोटो काढला, किती एकर ते विचारलं. शेतात सात बाया वेचत होत्या. मजुरांचं कसं, हेही त्याने मलाच विचारलं अन् मीही सांगून मोकळा झालो. ती चूक माझी.

वेचणी किलोवर असते. एरवी 40 किलो वेचणारीचे काल 15 भरले. मदत येते सातबाऱ्यावर. सातबारा माझा, म्हणून पंचनामा माझा. तिची बुडालेली मजुरी कुठंच लिहिली जात नाही. बटाईवाल्याचंही तेच. निदान पेपरात तरी ती यायला नको का?

वेळ नसतो म्हणतात. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली ‘दीनमित्र’ सुरू केला अन् पुढं नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवला. तेव्हा ना फोन होता, ना मोटारसायकल.

पत्रकार दादा, पुढच्या वेळी बांधावरून परत जाऊ नका. ओळीत उतरा, वेचणाऱ्या बाईला विचारा, तिचं नाव तिला विचारून छापा. मी मधे बोलणार नाही.

तुमच्याकडं वेचणीचा दर काय चाललाय? मजुरांनाच विचारून खाली लिहा.