क्वालिस जुनाट होती? बरं, मग?

मंडळी, 'जुनं डिझाइन म्हणजे वाईट डिझाइन' या समजुतीशी आज जरा भांडायचंय. माझी साक्षीदार आहे टोयोटा क्वालिस.

२००० साली टोयोटा-किर्लोस्करच्या बिडदी कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. काय तो खोका, काय ते जुनाट रूप! आरोप खोटा नव्हताच. क्वालिस म्हणजे इंडोनेशियातली किजांग, आणि ती पिढी तिथे १९८६ पासून रस्त्यावर होती. पण तेवढ्यावरून निकाल देणं म्हणजे रिक्वायरमेंट न वाचता कोड रिव्ह्यू करणं.

रिक्वायरमेंट काय होती? आमचं रोहिणखेड घाटाखाली, बुलढाणा घाटावर. लग्नाला आठ-दहा माणसं, वर बोचकी. अशा वेळी लागते मजबूत चासी, मागे पाटे, २.४ लिटरचं साधं डिझेल इंजिन आणि तीन रांगा. क्वालिसकडे हे सगळं होतं. कॉल सेंटर आणि आयटीवाल्यांच्या रात्रपाळ्यांनाही हेच हवं होतं, म्हणून पुण्या-बंगळुरात कॅब म्हटलं की क्वालिस, असे ते दिवस होते.

'मग टोयोटानेच २००५ मध्ये ती बंद का केली?' हा नेहमीचा प्रश्न. कारण अनेक देशांसाठी बनवलेला नवा प्लॅटफॉर्म तयार झाला होता. गिऱ्हाईक कंटाळलं म्हणून नव्हे; मागणी होतीच. आणि जागेवर आलेली इनोव्हा बघा: तीच चासीवरची बॉडी, तेच डिझेल, त्याच तीन रांगा, गती मागच्याच चाकांना. रेसिपी तीच, ताट नवं. किंमत मात्र वर गेली, आणि स्वस्त गाडी हवी असलेले टॅक्सीवाले टवेराकडे वळले. म्हणजे इनोव्हाचं यश हा क्वालिसविरुद्धचा पुरावा नाही, तिच्याच बाजूचा आहे!

एक मान्य. धूर आणि सुरक्षितता या बाबतीत नव्या गाड्या खरंच पुढे आहेत. तिथे जुन्याला कवटाळणं हा मूर्खपणा. पण ते कारण मोजता येतं, सांगता येतं. 'जुनं दिसतं' हे कारण नव्हे, ती फॅशन.

म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये कुणी 'हे लेगसी आहे, फेकून पुन्हा लिहू' म्हणालं, तर एवढंच विचारा: याच्यामुळे नेमकं कुणाचं काम अडलंय? उत्तर आलं तर जरूर फेका. नाही आलं, तर चालत्या गाडीला खीळ घालू नका.

बघा पटतंय का :)