आधी आवाज सारखा करा

हेडफोनच्या शौकिनांत एक मत असं काही रुजलं आहे, की त्यावर शंका घेतली तर शंका घेणाऱ्याच्याच कानांची तपासणी सुरू होते. मत असं, की दोन चांगल्या हेडफोनांमधला फरक मोजून कळत नाही, तो ऐकावा लागतो. ऐकायला तयार कान लागतो. आणि कान तयार व्हायला महागड्या वस्तूंचा सहवास लागतो. म्हणजे ज्यानं लाखाचा हेडफोन घेतला, तोच लाखाचा हेडफोन कसा वाजतो हे सांगायला पात्र. सोनारानंच कान टोचावेत हे कबूल. पण सोनं विकायलाही तोच आणि कस लावायलाही तोच, ही सोय नेमकी कोणाची?

नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगर) हा प्रश्न मुंबईपेक्षा जास्त टोचतो. कापड बाजारात हेडफोन मिळतात, पण डब्यात बंद. सील तोडून ऐकवा म्हटलं तर दुकानदार आधी गिऱ्हाइकाकडे आणि मग दाराकडे बघतो. त्यामुळे इथला शौकीन एकतर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून वस्तू मागवतो, नाहीतर सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्यात जाऊन पाच-दहा मिनिटं ऐकून येतो. दोन्ही वाटांवर त्याची फसगत होण्याची व्यवस्था चोख आहे, आणि ती कोणी मुद्दाम केलेली आहे असंही नाही. ती कानाच्या रचनेतच आहे.

माणसाच्या कानाला खर्ज, मध्य आणि तार हे तिन्ही थर सारख्या जोरानं ऐकू येत नाहीत. आवाज लहान असला की खर्ज आणि अगदी वरचे सूर जास्त मागे पडतात; आवाज वाढवला की ते पुढे येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली याचे वक्र काढून दाखवले. याचा हेडफोनशी संबंध थेट आहे. दोन हेडफोन एकाच फोनला, एकाच खुणेवर व्हॉल्यूम ठेवून लावले तरी ते सारखे मोठे वाजत नाहीत. सेन्हायझरचा एचडी 600 हा 300 ओहमचा. साध्या फोनच्या तुटपुंज्या व्होल्टेजवर तो कुजबुजतो. शेजारचा 32 ओहमचा स्वस्त नग त्याच खुणेवर दणाणतो. जो मोठा वाजतो त्याचा खर्ज भरदार लागतो, बारकावे जास्त ‘उघडतात’. मग ऐकणारा म्हणतो, याच्यात जान आहे. जान नाही, डेसिबल आहेत. एक-दोन डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतही नाही. तो ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. पातळी सारखी न करता केलेली हेडफोनांची तुलना ही तुलनाच नव्हे. ज्या परीक्षणात पातळी कशी जुळवली हे सांगितलेलं नाही, त्यातली विशेषणं कितीही रसाळ असली तरी ती बाजूला ठेवावीत.

पुण्याच्या फेरीचं काय? आवाजाच्या बारीक पोताची आठवण काही सेकंदांपलीकडे नीट टिकत नाही. चाल आठवते, शब्द आठवतात, गाणाऱ्याचा गळा आठवतो. पण अमुक हेडफोनवर ‘स’चा सीत्कार किती धारदार होता, हे शिरूर यायच्या आतच पुसट झालेलं असतं. घरी येऊन आपल्या जुन्या हेडफोनशी जी तुलना होते ती दुकानातल्या आवाजाशी होत नाही. दुकानात आपण मनाशी जे वाक्य बोललो त्या वाक्याशी होते. आणि ते वाक्य बहुतेक वेळा आधीच कुठेतरी वाचलेलं असतं.

आता किमतीकडे. 2017 साली जेरोन ब्रीबार्ट या संशोधकानं 283 हेडफोनांचे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणत्या पट्टीला कोण किती जोरानं वाजतो याचे आलेख, त्यांच्या किरकोळ किमतीशी ताडून पाहिले. दोहोंत संबंध सापडला नाही. महाग हेडफोन वाईट असतो असा याचा अर्थ नव्हे. त्याची गादी मऊ असेल, पट्टी दहा वर्षं टिकेल, सुटे भाग मिळतील. त्यासाठी पैसे मोजावेत. फक्त पावतीवरचा आकडा आवाजाचा पुरावा म्हणून पुढे करू नये, इतकंच.

‘हाय-रेझ’चं, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापाच्या ध्वनिमुद्रणाचं, प्रकरणही याच माळेतलं. सीडीचा आवाज सेकंदाला 44,100 नमुने आणि 16 बिट यांत मावतो आणि त्यातून ऐकू येणारी सगळी पट्टी निघते. मेयर आणि मोरान यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या मापातून गाळून, असं दोन्ही प्रकारे ऐकवलं. कोणतं काय ते श्रोत्यांना सांगितलं नव्हतं. 554 वेळांपैकी 276 वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही एवढंच आलं असतं. मात्र खंडन करताना प्रतिपक्षाचा चांगला पुरावा लपवला तर ते खंडन नव्हे, वकिली झाली. जोशुआ रीस यांनी 2016 साली असे 18 प्रयोग एकत्र करून साडेबारा हजारांहून जास्त उत्तरं तपासली. बरोबर उत्तरांचं प्रमाण 52.3 टक्के आलं, आणि प्रशिक्षित श्रोत्यांचं त्याहून बरं. म्हणजे फरक अगदीच शून्य नसावा. पण ज्या फरकासाठी प्रशिक्षण घेऊन, कान टवकारून बसावं लागतं, त्याच्या नावावर ‘पडदा बाजूला झाला’ अशी वाक्यं लिहिणाऱ्याला मात्र हलक्या कानाचाच म्हणावं लागेल.

चांदीच्या केबलींवर शाई घालवत नाही.

इथवर वाचून दुसरा पक्ष खूष झाला असेल. हे आलेखवाले. त्यांचं म्हणणं, मोजमाप झालं की विषय संपला. अमुक आलेख अमुक लक्ष्यरेषेला चिकटला की हेडफोन चांगला, ऐकायची गरज काय? मला हे लोक पहिल्या पक्षापेक्षा जवळचे वाटतात, म्हणून त्यांच्याशी भांडण जास्त करायला हवं.

त्यांची लाडकी लक्ष्यरेषा हर्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012-13 पासून केलेल्या कामातून आली. काम उत्तमच आहे. हेडफोन डोक्यावर चढवताच वजनावरून, गादीच्या स्पर्शावरून तो ओळखू येतो, म्हणून त्यांनी एकाच हेडफोनमधून बाकीच्यांचे आवाज इक्वलायझरनं हुबेहूब काढून ऐकवले. ना किंमत दिसे, ना नाव. बहुसंख्य श्रोत्यांची आवड एका रेषेभोवती जमली. पण ती आवडीची सरासरी आहे, सृष्टीचा नियम नव्हे. देशोदेशींच्या आवडी ताडून पाहणाऱ्या त्यांच्या अभ्यासातले श्रोते अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन इथले होते. ढोलकी किती घुमावी आणि चाट किती टणत्कारावी, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, विचारून उपयोगही नव्हता. शिवाय आलेख निघतो तो नकली कानावर. आपल्या कानाची नळी सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाज फुगवते. पण कोणाची नळी लांब, कोणाची अरुंद, त्यामुळे हा फुगवटा माणसागणिक सरकतो. नेमकी तीच पट्टी गाणाऱ्याच्या आवाजाची धार ठरवते. एकच हेडफोन एकाला ‘मोकळा’ आणि दुसऱ्याला ‘टोचरा’ वाटतो तो बऱ्याचदा यामुळे. दोघंही खरं बोलत असतात.

मग तुलना करायची कशी? पातळी सारखी करून, शक्य तितकी न बघता, आणि ज्या आवाजाची प्रत्यक्षातली ओळख पक्की आहे त्या आवाजावर. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे हेडफोन पारखायला ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ 1994 च्या मैफलीतलं लावायची प्रथा पडली आहे. ध्वनिमुद्रण सुरेख आहे. पण ती गिटार समोर बसून, माइकशिवाय आपल्यातल्या किती जणांनी ऐकली? खरी कशी वाजते हेच ठाऊक नसेल तर खरी वाटते की नाही हे ठरवणार कशावरून? उलट तानपुरा आपल्या ओळखीचा. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हेडफोनवाल्याच्या दृष्टीनं त्याची थोरवी जवारीत, म्हणजे तारेच्या झंकारात आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं, की घोडीच्या रुंद, वक्र पाठीमुळे या तारेतून असेही स्वरांश निघतात जे जुन्या नियमानुसार निघायलाच नकोत. काळी एकच्या पट्टीत जोडीच्या तारा सुमारे 139 हर्ट्झवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. आणि तिथून वर स्वरांशांची दाट गर्दी. एका तारेच्या झंकारात हेडफोनची बरीचशी पट्टी तपासून होते. एखाद्या पट्टीत खड्डा असेल तर झंकार चढता-उतरताना तिथे अडखळतो. खर्ज नुसता भासतो आहे की खरोखर वाजतो आहे, हेही कळतं. भासण्याचा मुद्दा खरा आहे: मूळ स्वर गायब असला तरी वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो भरून काढतो, म्हणून फोनच्या इवल्या स्पीकरवरही खर्ज ‘ऐकू’ येतो आणि भोळा माणूस समाधानी राहतो.

दुसरी कसोटी हलगीची. विस्तवावर तापवून ताणलेल्या कातड्यावर बारीक काडी पडते तेव्हाचा आघात आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावा लागत नाही. संगमनेर तर शाहीर अनंत फंदीचं गाव, आणि पुढे कांताबाई सातारकरांच्या तमाशा-फडाचंही. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत गळा कसा पोचवायचा, ही विद्या इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ज्या हेडफोनवर हलगीची काडी आणि ढोलकीची घुमी एकमेकींत कालवली जातात, तो ‘वजनदार’ असेल, पण बरोबर नाही. यावर कोणी म्हणेल, तमाशाची ध्वनिमुद्रणं तरी कुठे निर्मळ असतात? माइक फाटलेला, प्रतिध्वनी वरून ओतलेला. आक्षेप योग्य आहे. पण दोन हेडफोनांवर एकच ध्वनिमुद्रण लावलं, तर त्यातला दोष दोन्हीकडे सारखाच राहतो. उरतो तो फरक हेडफोनांचा.

जुन्या ध्वनिमुद्रिकांनी मात्र हा हिशेब उलटवून टाकला आहे, आणि मला त्यात मजा वाटते. 1925 साली ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात भोंग्याच्या जागी माइक आला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1905 साली भोंग्यासमोर गायलेलं आणि 1930 च्या दशकात माइकसमोर गायलेलं, दोन्ही उपलब्ध आहे. पण नंतरच्या तबकड्यांतही सहा-सात हजार हर्ट्झच्या वर गाणं जवळपास नाही, आहे ती सुईची खरखर. चाळीस हजार हर्ट्झपर्यंत पोचणारा हेडफोन इथे जास्तीचं काय ऐकवणार? खरखरच. ज्याचा संग्रह अशा गाण्यांचा आहे, त्याला वरच्या पट्टीत थोडा मवाळ असलेला साधा हेडफोन जास्त सुख देईल, आणि तो त्याचा अडाणीपणा नव्हे.

पातळी जुळवायचं काम घरी जमतं. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात फोनचा माइक बसवावा, त्यावर हेडफोनची वाटी ठेवावी, दोन्ही हेडफोनांतून एकच गोंगाट-फीत वाजवून आकडे जुळवावेत. फोनमधलं डेसिबलचं ॲप प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं, पण इथे खरा आकडा नको, दोहोंतला फरक हवा. मग डोळे मिटून बसावं आणि हेडफोन घरातल्या दुसऱ्या कोणी चढवावा. वजनावरून ओळखू येईल, येऊ दे. निदान ऐकताना किंमत तरी समोर नाचत नाही. चष्मा असेल तर एकदा काढून ऐकावं. काडीमुळे गादी आणि कानशिलाच्या मध्ये फट पडते आणि बंद हेडफोनचा खर्ज तिथून गळतो. कानात खुपसायच्या इअरफोनला तर बोंडी मापाची नसेल तर खर्जच राहत नाही. ‘अमक्याचा बेस मेला’ अशा तक्रारींपैकी कितींची औषधं दहा रुपयांच्या रबरी बोंडीत असतील, कोण जाणे.

राहिला कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं प्रौढाला 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 101 डेसिबलला आठवड्याचा कोटा वीस मिनिटांच्या आत संपतो. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर वीस मिनिटं कोण मोजतं? रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत छापलेली आहे, आणि छापलेलीच आहे. कान जातो तो आधी वरच्या पट्टीतून जातो; वयानंही आणि दणक्यानंही. पन्नाशीच्या बहुतेक माणसांना पंधरा हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आणि हेडफोनच्या वरच्या पट्टीतल्या ‘हवे’बद्दल सगळ्यात तन्मयतेनं लिहिणारे बरेचसे त्याच वयाचे असतात. तेव्हा लाखाच्या हेडफोनवर दोन पानं लिहिणाऱ्यानं सुरुवातीलाच तीन गोष्टी छापाव्यात: स्वतःचं वय, पातळी कशी जुळवली ते, आणि वस्तू स्वतःच्या पैशानं घेतली की कंपनीनं घरपोच पाठवली.